झाकून ठेवलेली फारिनाता

दारावर टकटक झाली तेव्हा साडेचार वाजून गेले होते आणि मी कार्यालयाच्या ऑनलाइन बैठकीत अडकले होते. माइक बंद करून दार उघडले, तर समोरच्या घरातल्या सिन्योरा उभ्या. हातात एक बशी, बशीवर तेलाने आरपार दिसू लागलेल्या जाड कागदाची पुडी, कोपराला अडकवलेल्या पिशवीतून डोकावणारी तशीच आणखी एक पुडी, आणि जिना चढून लागलेला दम. “मेरेंदा,” एवढेच म्हणून त्यांनी बशी पुढे केली. मी तोंडभर हसले, दोनदा आभार मानले, बशी ओट्यावर नेऊन ठेवली, आणि आलेला पदार्थ ठेवताना आपल्याकडे हात आपोआप जे करतात तेच केले: तिच्यावर दुसरी बशी पालथी घातली. बैठक लांबली, मग एक फोन आला, मग कुकर लावला. रात्री नऊच्या सुमारास ती आतली गोष्ट मायक्रोवेव्हमध्ये दीड मिनिट गरम करून वरणभाताबरोबर, लिंबाचे लोणचे लावून, खाऊन टाकली. दुसऱ्या दिवशी बशी परत करायला गेले. भरलेली आलेली बशी रिकामी परत द्यायची नाही, हा आईचा नियम इथे इटलीतल्या जेनोवातही पाळत असल्यामुळे तिच्यात बेसनाचे चार लाडू ठेवले होते. “फार छान होते,” मी माझ्या अडखळत्या इटालियनमध्ये सांगितले, “रात्री गरम करून खाल्ले.” सिन्योरांनी लाडवांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “रिस्कालदाता?” म्हणजे, पुन्हा गरम केलेली? मी मान डोलावली. “आह,” त्या म्हणाल्या, लाडवांबद्दल आभार मानले आणि दार हळूच लावून घेतले.

त्या ‘आह’मध्ये राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

मी तेव्हा समजून चालले होते की त्यांनी घरी काहीतरी केले होते, ते उरले, आणि शेजारधर्म म्हणून एक तुकडा इकडे आला. आपल्याकडे बश्या अशाच ये-जा करतात. मोठ्या पातेल्यातून निघालेली वाटी शेजारी जाते आणि ती कधी खाल्ली, थंड की गरम, हे कोणी विचारत नाही. बशीतली ती चण्याच्या पिठाची, भट्टीत भाजलेली पोळी म्हणजे फारिनाता, आणि ती घरी करायची वस्तूच नव्हे, हे मला महिनाभराने कळले. एके दिवशी कारुज्जींमधून, म्हणजे जुन्या जेनोवातल्या दोन माणसे शेजारून जाताना खांदे आडवे करावे लागतील अशा बोळांमधून, घरी येत असताना एका दुकानासमोर रांग दिसली आणि रांगेला लागणे हा आपला स्वभाव असल्यामुळे मी उभी राहिले. अशा दुकानाला जुन्या जेनोवी बोलीत ‘शामाद्दा’ म्हणतात. शब्दाचा अर्थच आगीची मोठी ज्वाळा, कारण दुकानात शिरताच दिसते ती भट्टी. पांढऱ्या फरशीच्या भिंती, धुराने काळे पडलेले भट्टीचे तोंड, आत एका बाजूला सारलेली पेटती लाकडे आणि मोकळ्या जागेत तांब्याची अवाढव्य उथळ परात. इथे तिला ‘तेस्तो’ म्हणतात. आतून चकचकीत पांढरी. कल्हई केलेली आहे हे ओळखायला मला क्षणही लागला नाही. लहानपणी वाड्यात कल्हईवाला येऊन भाता मारायचा, त्या वेळचा नवसागराचा वास त्या जेनोवी धुरातही उगीच नाकाशी आला.

भट्टीपाशी उभा असलेला माणूस जे करत होता ते करायला माझी आई पाच मिनिटेही घेणार नाही असे वाटत होते, आणि ते चूक होते. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचे तेल. पाचवे काही नाही. पण पिठाच्या सुमारे तिप्पट पाणी असते, ते मिश्रण काही तास मुरायला ठेवायचे असते आणि वर आलेला फेस काढून टाकायचा असतो. ताकाहून पातळ झालेले ते पाणी तेल घातलेल्या परातीत ओतले की पिवळ्या पाण्यावर हिरवट तेलाची नक्षी तरंगते. माणसाने लाकडी पळीने ते सगळे ढवळले आणि परात लांब दांड्याने भट्टीत लोटली. पाणी डचमळले, आता हे सांडणार म्हणून मीच श्वास रोखला. मग तो मधूनमधून आकड्याने परात फिरवत राहिला, आगीच्या बाजूची कड जळू नये म्हणून. दहाएक मिनिटांनी जे बाहेर आले त्याची जाडी अर्धा सेंटीमीटरसुद्धा नसेल. वरचा पापुद्रा सोनेरी, मध्येमध्ये तपकिरी फोड आलेला, कुरकुरीत; खाली मात्र खरवसासारखा ओला, हलणारा थर. त्याने सुरीने वेडेवाकडे तुकडे काढले, कागदावर घातले, वर मिऱ्याची भरड टाकली आणि रांगेतला पहिला माणूस तिथेच, पायरीवर, बोटे भाजून घेत खाऊ लागला. पाच-सहा जणांत ती परात संपली. पुढच्या परातीपर्यंत आम्ही सगळे उभे राहिलो. कोणी घड्याळ पाहिले नाही. घरच्या ओव्हनमध्ये एवढी परात मावत नाही आणि लाकडाच्या भट्टीची ती धग येत नाही. करणारे करतात, पण चवीने खाणारे बहुतेक जेनोवेकर ती विकतच आणतात.

माझ्या हातात कागद आला तेव्हा मी पहिला घास घेतला आणि हिशेब करू लागले. या दुकानापासून आमच्या दरवाज्यापर्यंत मला सात मिनिटे लागतात. सिन्योरांचे वय सत्तरीच्या पुढे. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यापर्यंत काळ्या पाटीच्या दगडाच्या पायऱ्या आहेत, शंभर-दोनशे वर्षांच्या पावलांनी मधोमध खोलगट झालेल्या. म्हणजे त्या दिवशी त्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या, दोन तुकडे मागून घेतले होते, तेलकट पुड्या घेऊन, गार होण्याआधी पोहोचायचे म्हणून एरवी प्रत्येक मजल्यावर घेतात तो विसावा बहुधा न घेता चढल्या होत्या, आणि स्वतःच्या घरात जाण्याआधी माझे दार वाजवले होते. बशी घरात जाऊन आणलेली नव्हती. खाली जातानाच पिशवीत टाकून नेली असणार. आणि मी त्या पापुद्र्यावर बशी पालथी घालून वाफ कोंडली होती. साडेचार तास.

इथे बेसनाबद्दल बोलल्याशिवाय मराठी माणसाला पुढे जाता येणार नाही. त्या पहिल्या घासाला मलाही वाटले की हे तर धिरडे. तसे ते नाही. आपले बेसन लहान तपकिरी हरभऱ्याच्या सोललेल्या डाळीचे. यांचे पीठ मोठ्या, फिकट चण्यांचे, आपण काबुली म्हणतो त्या जातीचे. त्याला बेसनाचा तो खमंग उग्रपणा नसतो. हळद नाही, ओवा नाही, मिरची नाही, त्यामुळे चण्याची चव उघडी, जवळजवळ गोडसर लागते. आपल्याला नात्याने खरी जवळची आहे ती जेनोवाचीच पानिस्सा: तेच पीठ पाण्यात शिजवून, घोटून घट्ट करायचे, ताटलीत ओतून थापायचे, गार झाले की कापायचे. ही शंभर टक्के पाटवडी आहे, फक्त वर खोबरे-कोथिंबीर पेरलेली नाही. जेनोवेकर ती तळून खातात किंवा कांदा, लिंबू, तेल घालून तशीच. सिसिलीत पालेर्मोच्या बाजारांमध्ये याच शिजवलेल्या पिठात पार्सली घालून, पातळ पसरून, काप तळतात; त्यांना पानेल्ले म्हणतात आणि तीळ लावलेल्या पावात चार-पाच काप कोंबून, वर लिंबू पिळून देतात. पावात तळलेले बेसन! पालेर्मोच्या बाल्लारो बाजारात ते पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा मी सवयीने कोरडी चटणी शोधली, हे कबूल करायला हरकत नाही.

जेनोवाच्या बंदरासमोर सोत्तोरीपा नावाच्या जुन्या कमानी आहेत. त्यांच्याखाली तळणाची दुकाने ओळीने उभी असतात आणि उतरलेला खलाशी शतकानुशतके तिथेच पहिला घास घेत आला आहे. तिथे एकदा मला मराठी ऐकू आले. क्रूझ जहाजावर स्वयंपाकघरात काम करणारे सावंतवाडीकडचे दोन तरुण काही तासांच्या सुट्टीत उतरले होते. त्यांच्यापुढे कागदावर फारिनाता होती आणि दोघे ती पारखत होते. मी मराठीत बोलले तसे एकाने लगेच विचारले, “ताई, हो बेसनाचोच पोळो मां?” मी हो म्हटले. त्याने आणखी एक तुकडा मोडला, शांतपणे चावला आणि निकाल दिला की पोळो बरो आसा, पण तिखटाक काय नाय. मग त्याने सांगितले की जहाजावर रोज चार-पाच हजार माणसांचे जेवण निघते, टेबलांवर फुले असतात, पण त्याला स्वतःला दिवसात कधीतरी असे उभ्याने, कोणी न वाढता, भुकेच्या वेळी काही गरम मिळाले की बरे वाटते. हे सांगताना तो बोटांचे तेल कागदाला पुसत होता. त्यांना परत जायची घाई होती. मला मात्र त्याच्या ‘भुकेच्या वेळी’ने पुन्हा सिन्योरांच्या दारात नेऊन उभे केले.

कारण त्यांनी उच्चारलेला शब्द ‘मेरेंदा’ होता.

इटालियनमध्ये किरकोळ खाण्याला शब्द पुष्कळ आहेत. मोठी माणसे अधल्यामधल्या वेळी जे तोंडात टाकतात ते ‘स्पुन्तीनो’. व्हेनिसच्या बाकारोंमध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या मद्यालयांमध्ये, पावाच्या चकतीवर घोटलेला सुका मासा किंवा कांदा-व्हिनेगरमधल्या तारल्या असे जे चिमुकले घास मिळतात ते ‘चिकेत्ती’, आणि त्यांच्यासोबतचा वाईनचा लहान पेला ‘ओम्ब्रा’, म्हणजे सावली. सान मार्को चौकातले वाईनविक्रेते मनोऱ्याच्या सावलीबरोबर गाडा सरकवत, म्हणून हे नाव, असे सांगतात. मेरेंदा या सगळ्यांपासून वेगळी आहे. ती मुख्यतः मुलांची, आणि तिला वेळ आहे: दुपारची झोप किंवा शाळा संपल्यानंतर, रात्रीच्या जेवणाला बराच अवकाश असताना, चार ते साडेपाचच्या दरम्यान. शब्द थेट लॅटिनमधून आला आहे आणि त्याचे मूळ ‘मेरेरे’ या क्रियापदात आहे, म्हणजे पात्र ठरणे, कमावणे. मेरेंदा म्हणजे जी कमवावी लागते ती. काम करणाऱ्याला, मुकाट्याने अभ्यास केलेल्या मुलाला मिळणारी. मराठीत याला एकच शब्द नाही. ‘मधल्या वेळचे खाणे’ म्हणावे लागते. ‘खाऊ’ जवळ जातो, पण खाऊला वेळेचे बंधन नाही. चाळिशीतल्या, दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या, भिंतीपलीकडून जिचे बोलणे न कळणाऱ्या भाषेत तासन् तास ऐकू येते अशा बाईसाठी सिन्योरांनी स्पुन्तीनो हा शब्द वापरला नव्हता. मुलांचा शब्द वापरला होता.

त्यांच्या स्वतःच्या लहानपणीची मेरेंदा म्हणजे, त्यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, पावाची जाड चकती, तिच्यावर लाल वाईनचे चार थेंब आणि साखर. मी डोळे मोठे केले तेव्हा त्या हसल्या. त्या पिढीत पुष्कळ घरी हेच देत. कधी लोणी-साखर, उन्हाळ्यात टोमॅटो चोळून तेल-मीठ. चॉकलेट ही चैन होती. आमच्यापासून डोंगरापलीकडे असलेल्या आल्बा गावी युद्धानंतर कोको मिळेना, म्हणून तिथल्या फेर्रेरो कुटुंबाने भागात मुबलक असलेल्या हेझलनट वाटून १९४६ साली सुरीने कापायची एक वडी काढली, १९५१ साली ती लावता येईल अशी मऊ केली आणि १९६४ साली तिचेच न्यूतेल्ला झाले. आज त्या बरणीशिवाय इथल्या मुलांची मेरेंदा पुरी होत नाही, पण तिची सुरुवात टंचाईत झाली, ज्या टंचाईत वाईन-साखरेच्या पावाची झाली होती. आमच्या घरी पुण्यात चार वाजता गरम पोळीला तूप-साखर लावून केलेली सुरळी मिळायची. साखर दाताखाली करकरायची आणि शेवटच्या टोकातून तूप मनगटावर उतरायचे. वाईनच्या पावाचे वर्णन ऐकताना मला साखरेची तीच करकर ऐकू आली.

पण आठवणीला असे मोकाट सोडले की ती सोयीचे तेवढेच दाखवते. ती सुरळी आपोआप होत नसे. आई दुपारी जेमतेम पाठ टेकायची आणि साडेतीनला उठून स्टोव्ह पेटवायची. फोडणीची पोळी, लावलेले चुरमुरे, दडपे पोहे, कधी धिरडी. धिरडी असली की ती सर्वांत शेवटी, गार झालेले शेवटचे धिरडे खायची, तेही ओट्याशी उभी राहून. आजी मात्र आम्हाला उभ्याने खाऊ द्यायची नाही. “उभ्या उभ्या खाल्लेले अंगी लागत नाही,” असे बजावून पाटावर बसवायची. आईला तिने कधी बसवल्याचे मला आठवत नाही. म्हणूनच असेल, शामाद्दापुढची ती रांग मला इतकी आवडते: दुकानदार, वकील, बंदरातले हमाल, नातवाचा हात धरलेली आजी, सगळे एकाच पायरीवर उभे, आणि कोणाच्याही घरी त्या वेळी कोणी झोप मोडून उठलेले नाही. राबतो तो भट्टीवाला, आणि तो पैसे घेतो. मधल्या वेळच्या खाण्याचे गोडवे गाताना हा फरक डोळ्याआड करू नये असे मला वाटते, जरी तो माझ्या हळव्या आठवणीला थोडा खुपत असला तरी.

फारिनाताच्या जन्माची एक कथा जेनोवात कोणीही सांगते. १२८४ साली मेलोरियाच्या सागरी लढाईत जेनोवाने पीसाचा कणा मोडला. परतताना वादळात जहाजांवरची तेलाची पिंपे आणि चण्याच्या पिठाची पोती फुटली, सगळे खाऱ्या पाण्यात कालवले गेले, भुकेल्या खलाशांनी ते मिश्रण उन्हात वाळवून खाल्ले, आणि हरलेल्यांना डिवचण्यासाठी त्याला ‘पीसाचे सोने’ म्हटले. कथा झकास आहे, पण पीठ पाण्यात कालवून तापल्या पृष्ठभागावर ओतायला कोणाला लढाई जिंकावी लागत नाही. घराघरांत ते रोज होत असते. मजा अशी की पीसामध्येही हाच पदार्थ ‘चेचीना’ नावाने आवडीने खातात. शेजारच्या लिव्होर्नोत तो पावात घालून मागताना ‘चिंक्वे ए चिंक्वे’ म्हणतात, म्हणजे पाच आणि पाच: पाच सेंटचा पाव आणि पाच सेंटचा हा पदार्थ, असा जुना भाव. नाणी गेली, चलन बदलले, पण मागणी त्याच आकड्यांत होते. आणि जेनोवाच्या बंदरातून जे लाखो लोक दक्षिण अमेरिकेला गेले त्यांच्या मागोमाग हे पीठही गेले. ब्यूनोस आयरेस आणि मोंतेव्हिदेओमध्ये त्याला ‘फाइना’ म्हणतात, जेनोवी बोलीतल्याच नावाने, आणि पिझ्झाच्या तुकड्यावर तो चढवून खातात. इतका प्रवास केलेल्या या वस्तूला चौथ्या मजल्यावरचा प्रवास मात्र सोसत नाही. दहा मिनिटांत पापुद्रा मऊ पडू लागतो. म्हणून ती पुडीत आली तर पुडी उघडायची असते, आणि दारात आली तर दारातच खायची असते. हे कोणी लिहून ठेवलेले नाही. जेनोवात वाढलेल्याला सांगावे लागत नाही.

मी सिन्योरांकडे जाऊन क्षमा मागितली नाही. काय म्हणणार होते? एका तुकड्यासाठी एवढी औपचारिकता केली असती तर त्यांना आणखी अवघड वाटले असते. लाडवांबद्दल त्यांनी नंतर सांगितले की चांगले होते, फार गोड होते, आणि पीठ भाजलेले आहे हे त्यांना पहिल्या घासाला कळले. एवढे बोलणे होत राहिले, जिन्यात, टपालपेटीपाशी. पुडी मात्र पुन्हा आली नाही.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, समुद्रावरून बोचरा वारा सुटला होता तेव्हा, मी दुपारी पीठ भिजवले. इथलेच चण्याचे पीठ, पण आपल्या पद्धतीने: बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, हळद, आणि त्यांच्यासाठी मिरचीच्या जागी आल्याचा कीस. दोन धिरडी मला करून पाहावी लागली. या पिठाला पाणी कमी लागते आणि ते तव्याला चिकटून बसते. तिसरे चांगले सुटले. घड्याळात चार वाजून चाळीस मिनिटे झाली होती. ते तव्यावरून थेट बशीत घेतले, झाकले नाही, आणि समोरचे दार वाजवले. सिन्योरांनी दार उघडले, पाहिले, वास घेतला. मी म्हणाले, “मेरेंदा.” त्यांनी आत या म्हटले नाही आणि बशीही हातात घेतली नाही. चष्मा कपाळावर सरकवला, धिरड्याची कड चिमटीत धरून तोडली, फुंकर घातली आणि उंबऱ्यात उभ्या उभ्या खाल्ली. मग दुसरा तुकडा. मग मान किंचित वाकडी करून, काहीतरी चुकले आहे पण सुधारता येईल अशा सुरात, त्यांनी विचारले, “मिरे नाहीत?”

बशी त्यांच्या हातात देऊन मी मिऱ्याची चक्की आणायला घरात पळाले.